सव्वा आणि दीडच्या मधात

मनीषनगर, नागपूर
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

रवीदादा,

आज पाट मांडला होता. निरांजन लावून सहा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग मीच पाट उचलून ठेवला. गेल्या वर्षीही असंच झालं. हिंगणा ते मनीषनगर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, आणि मी पत्र लिहायला बसले आहे! तू दार उघडशील की नाही याची खात्री नाही, म्हणून पत्र. फोन करावा तर ऑपरेशननंतर तुला बोलता येत नाही असं सिंधूवहिनी म्हणाली, तेही ऑपरेशन होऊन दोन महिने झाल्यावर. व्हॉट्सॲपवर मी पानभर लिहिते आणि तू एक अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचं मी काय करू, दादा?

कळल्यावर तरी यायला हवं होतं. आले नाही. मला कळवलं नाहीत याचा राग होता, आणि दुसरंही काही होतं. ते आज लिहवत नाही.

कामाचं सांगते. माझ्या भजनांच्या चालींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, फेब्रुवारीत छापायला जाईल. बाबांचं ‘नको दार लोटू, अजून कोणी येते’ पान एक्केचाळीसवर आहे. आठवतं ना, तू खंजिरी घेऊन गायचास आणि मी समोर बसून पाच रेघांवर सूर मांडायची? परवा आमच्या शाळेत तबला शिकवणारे अश्विन सर घरी आले होते. त्यांना म्हटलं, हे पान बघून खंजिरी वाजवा, मी गाते. त्यांनी अगदी लिहिल्याबरहुकूम वाजवलं, कुठे म्हणून चूक नाही. आणि दोन ओळी होत नाहीत तोच मला रडू फुटलं. कारण ते बाबांचं नव्हतंच. ते बिचारे घाबरले, पाणी आणायला धावले.

तुमच्या भजनी मंडळाचे सगळे व्हिडिओ शोधून पाहिले. तुझ्या शेजारी तो मेला ऑक्टोपॅड! तुझा हात दिसतो, खंजिरी ऐकू येत नाही. बाबांचं तर एकही रेकॉर्डिंग नाही. बाबांचा हात आता फक्त तुझ्याकडे आहे. या वेळी पुस्तकासोबत रेकॉर्डिंगही देणार आहेत. तू येऊन वाजवशील का? गायचं नाही, नुसती खंजिरी. एकदा ऐकलं की ते पान मी दुरुस्त करीन.

उत्तर दे. अंगठा नको.

दामिनी


हिंगणा
१२ नोव्हेंबर

दामी,

पत्र भेटलं. पोस्टमननं पह्यले समोरच्याच्या घरी टाकलं होतं. आजकाल हातानं लिहिलेलं पत्र कोणाले येते वं! सिंधूले वाटलं कोर्टाचा कागद आला. घाबरून पदरात धरून आणला बिचारीनं.

एक सांग, तू असं काहून लिहून राहिली? ‘लिहवत नाही’ काय, ‘लिहिल्याबरहुकूम’ काय! मले वाटलं कॉलेजच्या मॅडमनं पोरीची, मिनलची तक्रार धाडली. घरात तं तू असं बोलत नव्हती.

माहं सांगतो. जिभेची एक बाजू काढली अन् खालचा जबडा थोडा. जीभ आता पाऊण राहिली समज. तंबाखू-सुपारीचा खर्रा भोवला, दुसरं काही नाही. सेकंड शिफ्टले झोप येऊ नये म्हणून घोटून ठेवत होतो, मंग शिफ्ट असो का नसो, तोंडात आहेच. बाबा सुपारीसुद्धा खात नव्हते. आता सिंधू वरणभात मिक्सरमधून काढते अन् मी पेतो. बोलतो तं घरच्याइले समजत नाही, म्हणून एक पाटी ठेवली. गाणं तं गेलंच. त्याचं मी रडून घेतलं, तू नको रडू.

अन् त्या स्पर्धेचं मनात ठेवू नको. मी केव्हाच सोडून देल्लं.

दुसरी आवृत्ती निघते हे वाचून लय बरं वाटलं. बाबा असते तं ते पुस्तक घेऊन गावभर फिरले असते, वाचता येत नव्हतं तरी. पण खंजिरीचं म्हणशीन तं हात दुखते. रेडिएशनच्या लाइटा देल्ल्या तवापासून खांदा आखडला. तुह्या पुस्तकात जे आहे तेच बरोबर आहे. शिकलेली तू आहे, मी नाही. अश्विन सर वाजवते ना, वाजवू दे.

तुहा
दादा


मनीषनगर
१७ नोव्हेंबर

दादा,

जीभ पाऊण राहिली असं लिहून वर मलाच म्हणतोस रडू नको! बरं आहे.

पुस्तकातलं बरोबर नाही, हेच तर मी सांगते आहे. तुला कधी नीट सांगितलं नव्हतं, आज सांगते. पाच रेघांच्या लिपीत सुराच्या पुढे टिंब दिलं की तो सूर दीडपट होतो. मग जोडीतल्या दुसऱ्या सुराला अर्धाच उरतो. ‘नको’ मधल्या ‘न’ला दीड, ‘को’ला अर्धा. मी बावीस वर्षांची होते. एक सूर लांब आहे, दुसरा आखूड आहे, एवढं कानाला कळत होतं, आणि ते लिहायला माझ्याजवळ टिंबाशिवाय काही नव्हतं. दिलं टिंब! मग पुढच्याला दिलं, त्याच्या पुढच्याला दिलं. आज ते पान उघडलं की माशा बसल्यासारख्या दिसतात.

तू तेव्हा म्हणाला होतास, ‘दामी, हे लिहिलेलं म्हणजे मी वाजवतो तेच ना?’ मी म्हटलं, तेच. मला वाटत होतं तेच आहे.

बाबा दीड वाजवत नव्हते, एवढं मला नक्की माहीत आहे. पण मग किती? ते काही केल्या सापडत नाही. पोळ्या लाटताना कधी कधी हाताशी येतं, आलं आलं म्हणते तोवर निसटतं. घरातल्यांना सांगावं तर म्हणतात, एवढ्याशा फरकानं काय होतं? त्यांनी बाबांना ऐकलेलं नाही.

हात दुखत असेल तर वाजवू नकोस. पण लिहून तरी सांग. जसं सुचेल तसं सांग, मी त्यातून काढीन.

दामी


हिंगणा
२९ नोव्हेंबर

दामी,

आता कसं बहिणीवानी लिहिलं!

पाह्य, बाबाचा हात दीड नव्हता. सव्वाही नव्हता. सव्वा अन् दीडच्या मधात होता. आता तू म्हणशीन, मधात म्हणजे कुठं? तेच तं! एका जागी राहे कुठं तो! भजन सुरू झालं, लोकं अजून बसून राहिले, चपला काढून राहिले, तवा दीडकडे झुके. मंग भजन तापलं का हळूहळू सव्वाकडे येये. अन् शेवटी सारे उठून टाळ्या देत तवा तं दोन्ही ठोके जवळपास सारखे पडत. कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं केव्हा बदललं ते.

‘लोटू’वर मात्र थांबे. चाल कितीही तापो, ‘लोटू’चा ‘लो’ बाबा सोडत नव्हते, अन् दाराकडे पाहत. आई गेल्यावर तो थांबा अजून वाढला. मी मोजला नाही कधी, पण वाढला. मले मागे बसून ठेका धराले भेव वाटे, का आता बाबा पुढं जातीन का इथंच बसतीन.

बाबाच्या सायकलीचं एक पायडल वाकडं होतं, आठवते? तू समोरच्या दांडीवर, मी मागं. एक पाय लांब पडे, एक आखूड. मी म्हटलं, बाबा, दुरुस्त करून घ्या ना. तं म्हणत, ‘काहून? चालते ना? दोन्ही पाय सारखे पडाले मी काय मिलिटरीत आहो?’ खंजिरीचंही तेच सांगत. हातानं चालावं, कवायत करू नये.

हे लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. सिंधू म्हणते, ऑपरेशन झाल्यापासून मी पह्यल्यांदा हासलो. जबडा दुखला पण हासलो.

तुले समजलं असन तं लिहून घे. वाजवाचं मात्र मले म्हणू नको. सांगतलं ना, हात दुखते.

दादा


मनीषनगर
५ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून लिहायला बसले. दीड लिहून पाहिलं, सव्वा लिहून पाहिलं, ‘लो’वर थांबा दिला. अश्विन सरांनी सगळं वाजवलं. नाही आलं. माणूस भला आहे, सात वेळा वाजवलं त्यांनी. शेवटी म्हणाले, ‘मॅडम, ज्यांना येतं त्यांनाच बोलवा ना.’

मग वहिनीला फोन केला. ती म्हणाली, हात कुठं दुखते यांचा? काल पंखा काढून साफ केला, चादरी पिळते, गाडीचं चाक खोलते! खोटं कशाला बोललास दादा? मला माहीत आहे कशाला. तुझा राग गेला नाही. आणि तो कसा जाईल, मी कधी माझ्या तोंडानं सांगितलंच नाही. आज सांगते.

दोन वर्षांपूर्वीची ती स्पर्धा. टेबलामागे आम्ही तीन परीक्षक. मधात बाहेरगावचे गुरुजी, त्यांच्या डावीकडे मी. माझं आडनाव वेगळं, तू माझा भाऊ आहेस हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तू स्टेजवर आलास, मला पाहून हसलास. मी हसले नाही. तू ‘नको दार लोटू’ घेतलंस. पहिल्या ठोक्याला बाबा समोर उभे राहिले रे! आणि गुरुजींनी माझंच पुस्तक उघडलं, पान एक्केचाळीस, आणि प्रत्येक टिंबावर पेन्सिल ठोकत बसले. शेवटी माईक घेऊन म्हणाले, ‘गळ्यात भाव आहे, पण हात कुठेच ठरत नाही. छापील पुस्तकात स्पष्ट दीड-अर्धा दिलेला आहे. घरी बसून लय पक्की करा.’ लोक हसले. तू माझ्याकडे पाहिलंस.

एकच वाक्य बोलायचं होतं. गुरुजी, हात बरोबर आहे, पुस्तक चुकलं आहे, आणि पुस्तक मी लिहिलं आहे. मला त्याच क्षणी ठाऊक होतं. तरी मी मान खाली घातली. माझं नाव जाईल म्हणून, एवढ्या लोकांत माझी फजिती होईल म्हणून. तुझी झाली ती मी बसून पाहिली. लयीचे वीसपैकी सहा गुण दिले त्या कागदावर माझी सही आहे. आजारपणात आले नाही ते यामुळे. कोणत्या तोंडानं येऊ?

शिव्या दे, ये म्हणू नको, काय वाटेल ते कर. पण माझ्यावरचा राग बाबांच्या चालीवर काढू नको. एकदा वाजव. मले एकदा ऐकू दे, दादा.

दामी


हिंगणा
१९ जानेवारी २०२५

दामी,

दीड महिना झाला तुहं पत्र येऊन. रोज लिहाले बसतो अन् फाडतो. मिनल म्हणते, बाबा, एवढ्या कागदात तं माही परीक्षा झाली असती.

राग नव्हता वं. राग असता तं सोपं झालं असतं, येऊन तुह्याशी भांडलो असतो. मले त्या दिवशी असं वाटलं का तू माह्यासाठी मान खाली घातली. दामी शिकलेली, पुस्तक दामीचं, तिले माहीत आहे का भाऊ चुकून राहिला, अन् भावाची चूक तिले पाहवत नाही. असंच समजलो मी. म्हणजे चूक माहीच. इतके वर्षं मी बाबाचं बिघडवून वाजवलं अन् आपल्या माणसानं लाजेखातर सांगतलं नाही.

मंग मी शिकलो, दामी. तुहं पुस्तक इकत आणलं. मिनलनं टिंब समजावून सांगतलं अन् मोबाईलवर टिकटिक लावून देल्ली. बुटीबोरीले जाता येता कंपनीच्या बसमध्ये डब्याच्या झाकणावर वाजवत होतो. दीड अन् अर्धा, दीड अन् अर्धा. बसमधले पोट्टे वैतागले, म्हणे काका, झोपू द्या. पह्यले हात आयकेच ना. गाढवावानी आपल्याच वाटेनं जाये. मी त्याले मारून मारून सरळ केला. दीड वर्ष लागलं. पुढच्या स्पर्धेत तुह्यासमोर वाजवीन अन् तू मान वर करून पाहशीन, एवढंच डोक्यात होतं. फॉर्मही भरला होता. मंग तोंडात फोड आली.

तुहं पह्यलं पत्र आलं त्याच दिवशी मी खंजिरी काढली. वाजवलं तं दीड-अर्धा. पुन्हा वाजवलं, तरी तेच. घरचे बाहेर गेले का वाजवून पाह्यतो, तवापासून रोज. तुले सारं लिहून कळवलं ना, कुठं झुकते, कुठं थांबते? ते सारं मले माहीत आहे. पण हात ते करत नाही. गाता आलं असतं तं गळ्यानं हाताले ओढत आणलं असतं. आता गळाही नाही.

हात दुखते म्हणून लिहिलं, कारण लाज वाटली. तू बाबाचा हात मागून राहिली अन् मी तो घालवून बसलो, हे कसं लिहू?

तू म्हणते तू चूक लपवली. अन् मी तीच चूक घोकून घोकून पाठ केली. आता कोण कोणाले शिव्या देईन, सांग.

दादा


मनीषनगर
२२ जानेवारी

दादा,

आजच पत्र भेटलं. शाळेतून सुट्टी घेऊन घरी आली अन् दार लावून रडली. तुहा हात मी मोडला. त्या दिवशी एक वाक्य बोलली असती तं आज तो हात असता. मले माफ करू नको, मी मागतही नाही.

पण अजून सारं गेलं नसन. तुह्या डोक्यात आहे, थोडं माह्या कानात असन. रविवारी येते. तू वाजव, मी समोर बसते, दोघं मिळून शोधू. हे पत्र पोचायच्या आधी मीच पोचीन. वहिनीले फोनवर सांगते, माह्यासाठी काही करू नको, मी पण वरणभात पेईन.

येते मी.

दामी


हिंगणा
२८ जानेवारी

दामी,

परवा तू गेली अन् घर सुनं सुनं वाटून राहिलं. सिंधू म्हणते, ताई आल्या तं भिंतीइले पण बरं वाटलं. दोन वर्षांत पह्यल्यांदा तुह्या हातचं पाणी पेलो. तू ओवाळाले बसली, जानेवारीत भाऊबीज केली, मिनल हासत होती, पण मले ते लय गोड लागलं. त्याच्यासाठी तरी हे सारं झालं असं मी समजतो.

आता खंजिरीचं. तू तीन तास बसली. समोर बसून माह्या गुडघ्यावर बोटं ठोकत राहिली, अन् मी वाजवत राह्यलो. मधात दोन-तीनदा वाटलं का आता येते. शेवटी मी पाटीवर लिहिलं, ‘आलं का?’ तू म्हटलं, ‘हाव दादा, आलं.’ अन् मोबाईलवर रेकॉर्डिंग भरून घेऊन गेली.

नाही आलं, दामी. बाबा वाजवत तवा तुहा डावा पाय हाले. लहानपणापासून, बसल्या जागी, तुले माहीतही नसे. मी वाजवलं तरी हाले. त्या स्पर्धेत टेबलाखालून पाह्यला होता मी, हालत होता, पण तवा त्याचा अर्थ समजलो नाही. परवा मी खंजिरीकडे पाहत नव्हतो, तुह्या पायाकडे पाहत होतो. तीन तासांत एकदाही नाही हालला.

तू माह्यासाठी खोटं बोलली, त्याचं मले वाईट वाटलं नाही. पण ते भरलेलं पुस्तकासंगं देऊ नको. लोकं म्हणतीन हेच आपल्या बाबाचं, मनोहररावाचं. टिंबं सारे खोडून टाक. अंदाजानं दुसरं काही लिहू नको, ते पण कोणीतरी खरं समजून शिकून घेईन. पान रिकामं वाटलं तरी चालते. नुसते शब्द ठेव अन् खाली एक ओळ टाक. काल पाटीवर लिहून पाह्यली, सिंधूनं वाचली अन् उठून आत गेली. पण तीच बरोबर आहे, तू बदलू नको.

‘या भजनाची चाल मनोहररावाच्या पोराले येत होती.’

एवढंच छाप.

दादा